तोतरेपणा : वाणीतील अडथळा, महाविद्यालयीन वर्ग आणि स्वीकृतीचा प्रश्न

प्रस्तावना :

महाविद्यालयीन शिक्षणात विद्यार्थ्याच्या ज्ञानाची पारख लेखनाइतकीच वाणीवरूनही होते. हजेरी, तोंडी परीक्षा, चर्चासत्रातील सादरीकरण, नोकरीची मुलाखत या प्रत्येक टप्प्यावर बोलता येणे गृहीतच धरलेले असते. तोतरेपणा असणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे गृहीतक कोसळते. परंतु त्याचा स्वतंत्र विचार अध्यापकवर्गात क्वचितच होतो. प्रौढांमध्ये तोतरेपणाचे प्रमाण सुमारे १ टक्का मानले जाते. या हिशेबाने ३,००० पटसंख्येच्या महाविद्यालयात असे तीसेक विद्यार्थी असावयास हवेत. ते सहसा लक्षात येत नाहीत, याचे कारण त्यांनी बोलण्याचे प्रसंगच टाळलेले असतात.

स्वरूप व कारणे :

व्यवहारात ‘तोतरा’ आणि ‘बोबडा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः बोबडेपणात एका वर्णाचा उच्चार दुसऱ्यासारखा होतो, तर तोतरेपणात उच्चार माहीत असूनही शब्दाचा प्रवाह खंडित होतो. २००९ च्या ‘कमीने’ या हिंदी चित्रपटातील जुळ्या भावांपैकी एक तोतरा व दुसरा बोबडा दाखविला आहे. हा भेद वर्गात समजावून सांगण्यास ते उदाहरण सोयीचे आहे. तोतरेपणाची तीन रूपे आढळतात : वर्णाची वा अक्षराची पुनरावृत्ती, ध्वनी लांबणे आणि आवाजच न फुटणे. यातील तिसरे रूप ऐकणाऱ्यास केवळ शांतता वाटते व म्हणून त्याचा सर्वाधिक गैरसमज होतो.

हा दोष बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांदरम्यान सुरू होतो. सुमारे ५ टक्के बालकांत तो कधी ना कधी दिसतो व त्यांपैकी बहुसंख्य बालकांचा तो आपोआप नाहीसा होतो. प्रौढांमध्ये स्त्रियांपेक्षा पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे चौपट आहे. सुश्रुतसंहितेत ‘गद्गद’ या वाग्विकाराचा समावेश वातव्याधींत आहे. घरोघरी मात्र जीभ जड असल्याचे मानून तिला वेखंड चोळण्याची रीत राहिली. आधुनिक संशोधनानुसार जिभेचा येथे संबंध नाही. मेंदूतील वाणीचे नियोजन व तिची कालबद्धता सांभाळणाऱ्या भागांच्या जोडणीत फरक आढळतो आणि आनुवंशिकतेचा वाटाही मोठा असतो. २०१० मध्ये काही तोतऱ्या व्यक्तींमध्ये तीन जनुकांतील बदल आढळल्याचे प्रसिद्ध झाले. भीतीने तोतरेपणा वाढतो. तो भीतीतून जन्मत नाही.

एक विलक्षण बाब अशी की, गाताना, एकट्याने बोलताना किंवा पसायदानासारखी प्रार्थना समूहाने म्हणताना हीच व्यक्ती बहुधा अडखळत नाही. त्यामुळे ‘काल तर नीट बोलत होता’ असा संशय घेतला जातो. हा चढउतार तोतरेपणाचे लक्षण आहे, ढोंगाचा पुरावा नव्हे.

दडलेला भाग :

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. ऐकू येते ते टोक. लाज, अपराधभाव आणि टाळाटाळ पाण्याखाली. मराठी वर्गातही या टाळाटाळीचे रूप ओळखता येते. तोंडी परीक्षेत ‘तुकाराम’ हे नाव ओठांवर अडले की विद्यार्थी ‘ते देहूचे संत’ म्हणतो, किंवा उत्तर येत असूनही ‘आठवत नाही’ असे सांगून मोकळा होतो. परीक्षक ‘तयारी अपुरी’ अशी नोंद करतो. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो. म्हणून अनेकांना सर्वांत कठीण जाते ते नाव सांगणेच. ‘डर’ (१९९३) मधील नायिकेच्या नावावर अडखळणाऱ्या पात्राची नक्कल पुढे स्नेहसंमेलनांतून होत राहिली, तेव्हा त्याच सभागृहात बसलेल्या अशा विद्यार्थ्याची अवस्था कोणी विचारात घेतली असेल असे वाटत नाही.

ऐकणाऱ्याची वृत्ती किती परिणाम करते याचा एक कटू दाखला १९३९ चा आहे. आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली २२ अनाथ मुलांवर प्रयोग झाला. व्यवस्थित बोलणाऱ्या काही मुलांना ‘तुम्ही तोतरे बोलता’ असे वारंवार सांगण्यात आले. ती मुले खऱ्या अर्थाने तोतरी झाली असे सिद्ध झाले नाही; पण त्यांपैकी काही बोलण्यास कचरू लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये क्षमा मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने ९,२५,००० डॉलर भरपाई मान्य केली. जॉन्सन स्वतः तोतरे होते, ही या प्रकरणातील अधिकच अस्वस्थ करणारी गोष्ट.

उपचार आणि आधार :

चार्ल्स व्हॅन रायपर यांनी तोतरेपणा दडपण्याऐवजी कमी ताणाने तोतरे बोलण्याचे तंत्र विकसित केले. आजच्या स्वीकृतीवादी दृष्टिकोनाचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. ‘पंधरा दिवसांत हमखास इलाज’ अशा जाहिरातींपासून विद्यार्थ्यांना सावध करणे आवश्यक आहे. शिबिरात लयीत बोलून मिळालेला ओघ घरी परतल्यावर टिकेलच याची शाश्वती नसते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवणदोषांच्या क्षेत्रात काम करते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ने स्वमदत गटांचा मार्ग रुजविला. अशा गटांत सदस्य एकमेकांसमोर मुद्दाम तोतरे बोलतात, आपण अडखळतो हे अनोळखी व्यक्तीला आधीच सांगण्याचा सराव करतात. लपविण्यात खर्च होणारी शक्ती त्यामुळे बोलण्याकडे वळते. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला मात्र असा गट सहज उपलब्ध नसतो. त्याच्यापुरते महाविद्यालयच तो आधार देऊ शकते.

कायद्याची मदत येथे अपुरी पडते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाक् व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे; परंतु त्याची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकणे, वाचाघात यांसारख्या स्थितींतून आलेल्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वाभोवती रचलेली आहे. तोतरेपणाचा तीत स्पष्ट उल्लेख नाही. परिणामी सवलतीचा प्रश्न बव्हंशी अध्यापकाच्या विवेकावर येऊन ठेपतो.

वर्गातील व्यवहार :

अडलेला शब्द विद्यार्थ्याच्या वतीने पूर्ण करू नये. ‘सावकाश बोल, घाबरू नकोस’ हा सल्ला सद्हेतूने दिला जातो, पण त्यातून ऐकणाऱ्याचे लक्ष आशयाऐवजी उच्चाराकडे असल्याचे विद्यार्थ्याला कळते. नजर न वळविता थांबणे पुरेसे असते. हजेरीस हात वर करण्याची मुभा सर्वांनाच दिली तर कोणी वेगळा पडत नाही. मात्र विद्यार्थ्याला न विचारता सादरीकरणातून वगळणे ही दया नव्हे. टाळाटाळीला संस्थेनेच दिलेली ती मान्यता आहे. काय सोयीचे, जादा वेळ, लहान गट की सुरुवातीचा क्रम, हे त्यालाच एकांतात विचारावे. मौखिक गुणपत्रकातील ‘ओघवतेपणा’ या स्तंभाचे काय करावयाचे, हा अधिक अवघड प्रश्न आहे, विशेषतः भाषा विषयांत. मांडणीची सुसंगती आणि उच्चाराचा ओघ या दोन बाबी तेथे वेगळ्या कराव्या लागतील, आणि तो निर्णय विभागाच्या वर्षारंभीच्या बैठकीतच व्हावयास हवा. बहिःस्थ परीक्षक समोर बसल्यावर तो घेता येत नाही.