पाठीशी असावे, पुढे होऊ नये

मुलाचा अभ्यास हा कोणाचा? प्रश्न साधा दिसतो. परंतु पुष्कळ घरांत संध्याकाळी त्याचे विपरीत उत्तर मिळते. मूल जांभया देत बसते आणि आई त्याच्या वहीत नकाशा रंगविते. वहीवर 'उत्तम' असा शेरा पडतो, पण खरे पाहता तो आईला मिळालेला असतो. मुलाच्या पदरी एवढेच ज्ञान पडते की, हे काम आपल्याला जमणारे नाही.

या बाबतीत हैदराबाद शहरातीलच एक उदाहरण मननीय आहे. पी. व्ही. रमणा व विजया हे दांपत्य व्हॉलीबॉलपटू. 1986 साली सोल येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात रमणा होते. त्यांची कन्या सिंधू हाच खेळ खेळेल, असे कोणालाही वाटले असते. परंतु 2001 साली पुल्लेला गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि तिच्या मनाने बॅडमिंटन घेतले. मातापित्यांनी आपला खेळ तिच्यावर लादला नाही. सरावासाठी दूर गच्चीबावलीपर्यंत तिला नेण्याआणण्याचे कष्ट मात्र पित्याने आनंदाने उचलले. 2016 साली रिओ येथे तिने ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले व 2019 साली ती जगज्जेती झाली. गाडी पित्याने हाकली; रॅकेट मुलीच्याच हाती राहिली.

येथील मराठी कुटुंबांना तर एक अनपेक्षित संधी लाभली आहे. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू हा विषय आवश्यक ठरला. ती लिपी आपणांस वाचता येत नाही, म्हणून कित्येक आईबाप खंत करितात. वास्तविक त्यांनी मुलाजवळ बसून "हा धडा मला समजावून सांग," एवढेच म्हणावे. दुसऱ्यास समजावून देताना आपले कोठे कच्चे राहिले, हे मुलाला आपोआप उमगते. आणि आपण आईलाही काही शिकवू शकतो, हा अभिमान त्याला पुन्हा पुस्तकाकडे नेतो.

इतर विषयांतही हाच नेम पाळावा. अभ्यासाची वेळ ठरवून द्यावी आणि त्या वेळी घरातील मोठ्यांनीही मोबाइल दूर ठेवावा. गणित अडले तर उत्तर न सांगता "येथवर कसा आलास?" असे विचारावे. चुकलेले उत्तर तसेच शाळेत जाऊ द्यावे. चूक दिसलीच नाही, तर शिक्षक शिकविणार काय?

आईबापहो, यासाठी विद्वत्ता लागत नाही, धीर लागतो. आपण दहा मिनिटांत उरकले असते ते काम मूल तासभर करीत असता हात आवरून जवळ बसणे, हे वात्सल्याचे कठीण रूप आहे. आज संध्याकाळपासून त्याचा आरंभ करावा.