कुलूप आणि ताटी

आमच्या चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर या खिडक्या. खिडकी म्हणजे इथे तटातलं लहान दार. गोंड राजांच्या या तटबंदीला चक्क एक ‘चोर खिडकी’ आहे, याची लहानपणी मला भारी गंमत वाटायची. चोरांच्या येण्याजाण्याची राजानं वेगळी सोय केली असणार, अशी माझी पक्की समजूत! वडील हसायचे आणि सांगायचे, ‘अगं, चोरवाट, चोरकप्पा म्हणतो ना आपण, त्यातला हा चोर.’ मला मात्र ते पटायचं नाही.

पठाणपुऱ्याकडच्या एका बोळात आमचं घर होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे सपरी. दाराला कडीकोयंडा आणि आतून आगळ. एक अलिगढी कुलूपही होतं. पण त्याची किल्ली कुठे आहे ते फक्त आजीला ठाऊक असायचं आणि तीही बऱ्याचदा विसरलेली असायची. घरात दहा माणसं. घर रिकामं राहायचं कधी, की कुलूप लागावं!

उन्हाळ्यात तर दार बंद करण्याचा प्रश्नच यायचा नाही. चंद्रपूरचा उन्हाळा मी बाहेरगावच्या वाचकांना काय सांगू? मे महिन्यात पारा ४६-४७ च्या पुढे जातो आणि मातीच्या भिंतीसुद्धा रात्री बारापर्यंत निवत नाहीत. संध्याकाळी अंगणात, बोळात पाण्याचा सडा पडायचा आणि आठ वाजले की घराघरांतून बाजा बाहेर निघायच्या. अख्खा बोळ रस्त्यावर झोपलेला. कुणी खोकतंय, कुणी तान्ह्याला थोपटतंय, कुणी रात्री दोन वाजता उठून माठातलं पाणी पितंय. दारं सताड उघडी. आजी मात्र उंबऱ्यातच आडवी व्हायची. ‘आत जायचं तर मला ओलांडून जावं लागेल,’ म्हणायची. चोरालाही तिनं आधी ‘कोण रे तू, कुणाचा?’ असंच विचारलं असतं.

पुढे कूलर आले. आमच्या बोळात पहिला कूलर १९८०च्या आसपास आला आणि चार-पाच वर्षांत बाजा आत गेल्या. कूलरला खिडकी लागते, खोली बंद लागते आणि त्याच्या घरघरीत शेजारी बँड वाजला तरी ऐकू येत नाही. आमच्या बोळातली पहिली घरफोडी त्याच काळातली. चोरानं खिडकीतला कूलरच अलगद सरकवला आणि तिथून हात घालून आतली कडी काढली. माणसं त्याच घरात, पलीकडच्या खोलीत दुसऱ्या कूलरसमोर गाढ झोपलेली! दुसऱ्या दिवशी बोळात हळहळ झाली, पण खरं आश्चर्य वेगळंच होतं. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. त्याआधी आमच्या बोळात अशी गोष्ट शक्यच नव्हती.

पण मला सांगायचंय ते माझ्या घरी झालेल्या चोरीबद्दल.

लग्नानंतर आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेलो. यजमान सरकारी खात्यात, मी शाळेत. वसाहतीला तारेचं कुंपण, फाटकावर चौकीदार, रात्री शिट्टी वाजवत फिरणारा दुसरा. दाराला सात लिव्हरचं भरभक्कम कुलूप. माहेरच्या सताड उघड्या घरातून आलेली मी, पहिले काही दिवस त्या बंदोबस्तानं फार सुखावले होते. आपण ‘सुरक्षित वस्तीत’ राहतो, असं पत्रात मैत्रिणींना लिहिल्याचंही आठवतं.

१९९१ च्या दिवाळीत आम्ही सासरी गेलो. सासर वडशाजवळ, झाडीपट्टीत. तिकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते आणि रात्रीची नाटकं सुरू होतात. दहाला पडदा उघडतो आणि पहाटेशिवाय पडत नाही. आम्ही नाटकाला निघालो तेव्हा घरात कुणीच मागे राहणार नव्हतं. मी सवयीनं विचारलं, ‘कुलूप कुठंय?’ सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, ‘तालाबिला कायले लावतं बाई? साराच गाव नाटकाले येते. चोरी कराले मांगं रायते कोण?’ दार नुसतं ओढून घेऊन आम्ही गेलो. पहाटे परत आलो तेव्हा दारात फक्त एक कुत्रं झोपलेलं होतं.

आणि त्याच दोन-तीन दिवसांत आमचं चंद्रपूरचं क्वार्टर फोडलं गेलं होतं! सात लिव्हरच्या कुलपाला कुणी हातही लावला नव्हता. ज्या कोयंड्यात ते अडकवलं होतं, तोच उपटून काढला होता. पंधरा रुपयांचा कोयंडा. माझी एकदाणी, दोन पाटल्या, यजमानांचं घड्याळ आणि डब्यातले किराण्याचे पैसे गेले. कपाटातल्या साड्या खोलीभर पसरलेल्या होत्या. ज्यांच्या घरी चोरी झाली आहे त्यांनाच कळेल, वस्तू गेल्याचं दुःख पुढे विसरतं, पण कुणा परक्या माणसानं आपल्या घडीच्या साड्या उलगडल्या, ते कित्येक महिने अंगावर येत राहतं. मी त्या सगळ्या साड्या धुऊन काढल्या. नव्या कोऱ्यासुद्धा.

पंचनामा झाला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, भादंवि ४५७, ३८०. (आता ही कलमं राहिली नाहीत, जुलै २०२४ पासून न्याय संहितेची ३३१ आणि ३०५ आली. पण सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी केलेली घरफोडी अधिक गंभीर, ही जुनी समजूत नव्या कायद्यानंही ठेवली आहे.) पण त्याआधी हवालदारांनी विचारलेला पहिला प्रश्न मला आजही शब्दश: आठवतो. ‘घरात येणंजाणं कुणाचं?’

आमच्याकडे भांड्याला एक बाई यायच्या. गडचिरोलीकडच्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची. वसाहतीमागच्या झोपड्यांत राहायच्या. मी त्यांचं नाव सांगितलं. नाव सांगायला मला किती वेळ लागला? विचारसुद्धा करावा लागला नाही. दूधवाला, पेपरवाला, यजमानांच्या कचेरीतली माणसं, घरी येणारे पाहुणे, कितीजण येत होते. जिभेवर आलं ते मावशींचंच नाव.

त्यांच्या झोपडीची झडती झाली. तांदळाचा डबा जमिनीवर पालथा केला. काही मिळालं नाही. चार महिन्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यातला, पँटशर्टातला, मोटरसायकलवर फिरणारा एक तरुण पकडला गेला आणि त्याच्याकडून आमचं घड्याळ सापडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत किती वर्षं शिकवली होती!

मी मावशींकडे गेले. त्यांनी बसायला पोतं टाकलं, काळा चहा केला. रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘माह्या घराले ताला नाही बाई. पाहाचंच होतं तं तुमी सोता येऊन पाहाचं होतं. पोलिस कायले धाडले?’ कामावर मात्र पुन्हा आल्या नाहीत.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही लोकांना जन्मत:च चोर ठरवून टाकलं. पारध्यांसारख्या जमातींची हजेरी घेतली जायची, त्यांच्या फिरण्यावर पहारा असायचा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. वर्गात मी हे मोठ्या पोटतिडकीनं सांगायचे. मावशी पारधी नव्हत्या. पण मी जे केलं ते त्याच कायद्याचं घरगुती रूप होतं, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला.

१९९४ मध्ये यजमानांची बदली धानोऱ्याला झाली. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून निघाला २६ ऑगस्ट १९८२ ला. सरकारी नोकरांत तो तेव्हापासूनच ‘शिक्षेचा जिल्हा’. निरोप द्यायला आलेल्या मंडळींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू काळ्या पाण्यावर निघाले होते. सोन्याचं काय करणार, असंही दोघींनी विचारलं. सोनं उरलं होतंच कुठे!

धानोऱ्याच्या आसपासच्या गोंडांच्या गावांतून मी खूप फिरले. घरांना बांबूची ताटी, कुंपणही बांबूचं. माणसं रानात निघाली की ताटी ओढून घ्यायची, कुत्री-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून. मार्च-एप्रिलात मोहफुलं अंगणात उघड्यावर वाळत पडलेली. रानात कुठलं मोहाचं झाड कुठल्या घराचं ते ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी वेचत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर सत्तर-सत्तर पानांचे पुडे आठवडाभर उघड्या मैदानात पसरलेले असतात. हजार पुड्यांचं एक पोतं होतं; म्हणजे हजारो रुपयांचा माल जमिनीवर. त्याला भीती पावसाची आणि वणव्याची.

तिथे मला एक गोष्ट उमगली. बाहेरून लावलेलं कुलूप आणि ओढून घेतलेली ताटी दोन्ही एकच बातमी देतात, ‘घरी कुणी नाही.’ माझ्या वसाहतीत ती बातमी चोरानं वाचली. त्या गावात ती शेजारीण वाचायची आणि आलेल्या पाहुण्याला आपल्या अंगणात बसवून पाणी द्यायची.

म्हणून तिथे सगळं रामराज्य होतं, असं मी म्हणणार नाही. शहरातली माणसं आदिवासी गावांबद्दल असं भाबडं लिहितात तेव्हा मला चीड येते. त्या काळी त्या गावांना चोराचं भय नव्हतं, पण रात्री दारावर पडणाऱ्या थापेचं होतं. जंगलातले बंदूकवाले जेवण मागायला यायचे. दुसऱ्या दिवशी त्यांना जेवण का दिलं, हे विचारायला पोलिस यायचे. खबऱ्या म्हणून कुणाला रात्री उचलून नेल्याच्या बातम्या यायच्या. त्या थापेपुढे ताटी काय आणि सात लिव्हर काय! ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपतीनं साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली, ते टीव्हीवर पाहताना मला तिथली रात्रीची शांतता आठवली. कुत्रं भुंकलं की आमच्या घरातलं बोलणं थांबायचं.

धानोऱ्याजवळच मेंढा हे गाव आहे, देवाजी तोफांचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं. तिथे राखण असते ती जंगलाची. गावकरीच बाहेरच्यांच्या तोडीवर लक्ष ठेवतात. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. घराला ताटी आणि जंगलाला पहारा! आम्ही चंद्रपूरकरांनी नेमकं उलट केलं, असं मनात येतंच.

शनिशिंगणापूरचं उदाहरण वाचक देतील, ठाऊक आहे. तिथल्या घरांना दारंच नाहीत आणि २०११ मध्ये एका बँकेनं तिथे बिनकुलपाची शाखाही उघडली. पण तिथे राखणीला शनिदेव आहेत. गोंडांच्या त्या गावांत असा कुठला धाक मला दिसला नाही. चोरलेली वस्तू नेऊन ठेवायची कुठे? शेजाऱ्याची कुऱ्हाड सगळं गाव ओळखतं. अलीकडे तिकडे गेले तेव्हा काही घरांना पत्र्याची दारं आणि कुलपं दिसली. अंगणात मोटरसायकल, आत टीव्ही. कुणाच्याही घरात सारखीच दिसणारी वस्तू आली, की तिच्यामागून कुलूप येतं.

माझी धाकटी बहीण ऊर्जानगरकडे राहते. तिची तऱ्हा आणखी निराळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुर्गापूर-ऊर्जानगर भागात लागोपाठच्या दोन दिवसांत वाघानं आणि बिबट्यानं दोन माणसं मारली. तेव्हापासून ती अंधार पडला की दार लावून घेते. तिच्या कॅमेऱ्यात चोर अजून एकदाही दिसला नाही. बिबट्या दोनदा दिसला.

कॅमेरा आता माझ्याही दाराशी आहे. यजमान गेले, मी परकोटातल्या जुन्या घरी परतले. बोळात निम्मी घरं बंद, मुलं पुण्या-हैदराबादला. माझा मुलगाही पुण्याला. शेजारी एक घर फुटलं, तेव्हा तो दोन दिवसांची रजा काढून आला आणि सपरीवर कॅमेरा बसवून गेला. आता माझं दार त्याला तिथे फोनवर दिसतं. काही हललं की त्याच्या फोनची घंटी वाजते. ‘आई, दुपारी कोण आलं होतं? लाल लुगडं नेसलेली?’ असं विचारतो. माझ्या अंगावर काटा येतो. ‘भाजीवाली होती,’ मी तुटकपणे सांगते.

परवा मे महिन्यात रात्री वीज गेली. कूलर बंद पडला. तासभर वाट पाहिली आणि शेवटी मी बाज ओढत बाहेर काढली. दोन वाजता उशाशी फोन वाजला. घाबरलेला आवाज, ‘आई, तुझ्या अंगणात कुणीतरी झोपलंय! दोन माणसं आहेत. कॅमेरा बॅटरीवर आहे, अंधुक दिसतंय. दार उघडू नकोस, मी पोलिसांना...’

‘अरे, मीच आहे,’ मी म्हटलं. ‘आणि पलीकडच्या बाजेवर शेजारच्या काकू. हळू बोल, आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.’