संशय, पुरावा आणि बालवाचक

रहस्यकथेचे पुस्तक मुलाच्या हाती पडले की ते बहुधा एका बैठकीत संपते, आणि वाचनाची गोडी लागावी म्हणून झटणाऱ्या पालकांना व शिक्षकांना त्याचे साहजिकच समाधान वाटते. परंतु त्या मुलाला 'चोर कोण निघाला?' असे न विचारता 'चोर तोच, हे तुला कोठे कळले?' असे विचारून पाहावे, म्हणजे 'शेवटच्या प्रकरणात' हेच उत्तर बहुतेक वेळा मिळते. कथेतल्या गुप्तहेराने जे श्रम घेतले त्यांचे फळ तेवढे मुलाने चाखले. श्रमांत त्याचा वाटा नव्हता. वस्तुतः हा वाङ्मयप्रकारच मुळी वाचकाला त्या श्रमांत भागीदार करून घेण्यासाठी घडलेला आहे. 'मागचे पान उलट आणि ते वाक्य पुन्हा वाच' असे दहाबारा वर्षांच्या वाचकाला इतक्या निकडीने सांगणारा दुसरा प्रकार मला तरी ठाऊक नाही. आणि म्हणूनच सावध, साक्षेपी वाचनाचे पहिले धडे मुलांना रहस्यकथेतूनच द्यावेत, असे माझे निश्चित मत आहे.

वाचकाला भागीदार करून घेण्याचा हा करार पुढे उघडपणे मांडलाही गेला. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथाकारांसाठी दहा नियम लिहिले, आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक दुवा तत्काळ वाचकापुढेही ठेवला पाहिजे, हा त्यांतला गाभ्याचा नियम होय. त्याच वर्षी अमेरिकेत एलरी क्वीन या टोपणनावाने नात्याने भाऊ लागणाऱ्या दोघांनी आपली पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात उलगड्यापूर्वी कथा थांबवून, सर्व पुरावा आता तुमच्यापुढे आहे, निकाल तुम्हीच द्या, असे आव्हान वाचकाला दिलेले होते. आणि योगायोग असा की, मुलांसाठी लिहिलेली एक अत्यंत प्रामाणिक तपासकथा, एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची 'एमिल आणि गुप्तहेर', हीही १९२९ मध्येच बर्लिनहून बाहेर पडली.

या एमिलच्या कथेपाशी थोडे थांबणे अवश्य आहे. एमिलची विधवा आई केशरचनेचे काम करून पोट भरणारी. तिने काटकसरीने साठविलेले एकशेचाळीस मार्क घेऊन तो बर्लिनला आजीकडे निघतो, आणि पैसे हरवू नयेत म्हणून गाडीत एका टाचणीने पाकीट, आतल्या नोटा आणि कोटाचे अस्तर एकत्र टोचून ठेवतो. डब्यात ताठ टोपी घातलेला एक गृहस्थ असतो. एमिलला झोप लागते. जाग येते तेव्हा गृहस्थ आणि पैसे दोन्ही नाहीसे झालेले असतात. पुढे बर्लिनमधल्या मुलांची फौजच्या फौज त्या माणसाचा पाठलाग करते. पण पाठलागाने चोर फार तर अडवता येतो, चोरी शाबित होत नाही. बँकेत तो माणूस नोटा आपल्याच असल्याचे ठामपणे सांगतो तेव्हा एमिलला टाचणी आठवते: नोटा खरोखर आपल्या असतील तर त्यांना भोके असलीच पाहिजेत. भोके असतात, आणि मुद्देमालाची ओळख पटते. ही टाचणी लेखकाने आरंभीच, सर्वांच्या डोळ्यांदेखत टोचलेली होती. वाचणाऱ्या मुलाने ती पाहिली होती आणि तो ती विसरला होता. अशा वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंदमिश्रित विस्मय उमटतो, तो ज्याने एकदा पाहिला, तो मूल त्या प्रसंगापर्यंत पोचण्यापूर्वी त्याला टाचणीची आठवण करून देण्याचा मोह आवरल्याखेरीज राहणार नाही.

अगदी लहान मुलांसाठी मात्र कादंबरी नको. त्यांना हरवलेल्या उंटाची गोष्ट पुरेशी आहे. पूर्वेकडून इराणमार्गे फिरत गेलेली ही कथा १५५७ साली व्हेनिस येथे तीन राजपुत्रांच्या कथेत छापली गेली. उंट हरवलेला माणूस वाटेत त्या राजपुत्रांना भेटतो, आणि तुझा उंट एका डोळ्याने आंधळा, एका पायाने लंगडा व एका दाताने उणा आहे ना, असे ते त्याला विचारतात. ज्यांनी उंट पाहिलाच नाही त्यांना हे कळले कसे? रस्त्याच्या एकाच बाजूचे गवत खाल्लेले होते, एक पाऊल फरफटल्याची खूण होती, चावलेल्या गवताचे लहान लहान गोळे वाटेवर पडले होते. गोष्ट सांगताना 'आंधळा' या शब्दापाशी थांबावे आणि कारण मुलांनाच शोधू द्यावे. सहासात वर्षांची मुले तर्काच्या कितीतरी पायऱ्या आपल्या आपण चढतात.

आपल्याकडे तर ही विद्या गावगाड्याचा भाग होती. चोरी झाली की रामोशी किंवा जागल्या पावलांचा माग काढीत निघे. माग गावच्या शिवेपलीकडे गेला की पुढचा तपास पलीकडल्या गावाच्या माथी येई. धुळीतल्या पावलावरून माणूस थकलेला होता की ओझे वाहत होता, हे वाचणाऱ्या त्या माणसांना अक्षरओळख बहुधा नव्हती, तरीही ते वाचकच होते. मुलांना ही माहिती अवश्य सांगावी. खुणा वाचण्याचे कौशल्य म्हणजे लंडनच्या बेकर स्ट्रीटवरच्या शेरलॉक होम्सचा मक्ता होय, असा समज मग त्यांच्या मनात राहणार नाही.

आता प्रत्यक्ष रीतीविषयी. फौजदारी कामकाजात पंचनाम्याचा जो दंडक आहे तोच येथे उपयोगी पडतो. घटनास्थळी जे दिसले ते पंचांसमक्ष नोंदवायचे. कोणी केले असावे, का केले असावे, याची चर्चा तेथे करायची नाही. मुलाला एक वही द्यावी, आणि डाव्या पानावर कथेत जे स्पष्ट लिहिले आहे तेवढेच, तर उजव्या पानावर त्यावरून त्याला जे वाटले ते, अशी नोंद करण्यास सांगावे. 'माळ्याचे हात चिखलाने भरले होते' हे डावीकडे. 'माळ्याने काहीतरी पुरले असावे' हे उजवीकडे. प्रथम प्रथम मुले दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहितात, आणि त्यांनाच का दोष द्यावा? मोठी माणसेही पाहिलेले आणि मानलेले यांची सरमिसळ रोजच करीत असतात. पण दोनतीन कथांनंतर मूल आपणच थबकते, 'हे लिहिलेले आहे, की मला वाटले?' असे स्वतःला विचारते, आणि त्या क्षणी त्याचे वाचन पालटलेले असते.

कथा कोठे थांबवावी, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक पानावर थांबविल्यास रसभंग होतो आणि मूल पुस्तकच मिटते, तेव्हा एका कथेत दोन थांबे पुष्कळ झाले: एक, सर्व पात्रांच्या जबान्या होऊन गेल्यावर, दुसरा, गुप्तहेर 'मला सर्व उमगले' असे म्हणतो तेथे. दुसऱ्या थांब्यावर मुलाने आपला निकाल कारणांसह सांगावा. तो चुकला तर हरकत नाही. तो कोणत्या वाक्याच्या आधारे दिला एवढेच विचारावे. आधार दाखवता आला तर चुकलेला निकालही मी अंदाजाने बरोबर आलेल्या उत्तराहून श्रेष्ठ मानीन. या वाचनाला गुण देण्याचा विचार शाळांनी कटाक्षाने टाळावा. गुण आले की मुले पुरावा शोधण्याचे सोडून शिक्षकांच्या मनातले उत्तर शोधू लागतात. उलगडा झाल्यावर कथा पुन्हा पहिल्यापासून चाळली तर लेखकाने कोणता दुवा कोणत्या गर्दीत दडवला होता तेही ध्यानात येते, आणि लेखनकलेची थोडीशी ओळख अनायासे होऊन जाते.

न घडलेल्या गोष्टीकडे पाहणे ही यापुढची इयत्ता. कॉनन डॉइलच्या १८९२ सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत शर्यतीचा नामांकित घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. तबेल्यात कुत्रा असतो. माळ्यावर दोन मुले झोपलेली असतात. आणि त्यांची झोप मोडत नाही. कुत्रा भुंकला असता तर ती नोंद कोणीही केली असती. तो भुंकला नाही, ही नोंद होम्सच करतो. यावरून काय निघते ते मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या घरात ही कथा अजून वाचायची आहे तेथील एक उत्कृष्ट संध्याकाळ त्यामुळे हिरावली जाईल. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना आणखी एक प्रश्न विचारता येतो: हे सर्व सांगतो आहे कोण? होम्सच्या कथा सांगणारा वॉटसन जेवढे पाहतो तेवढेच आपल्याला दिसते. फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथांत निवेदक तोपशे जेवढे सांगतो तेवढेच कळते. निवेदकाच्या नजरेला मर्यादा असते, हे एकदा उमजले की मूल वर्तमानपत्रही निराळ्या दृष्टीने वाचू लागते.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या रहस्यकथांत संशय पुष्कळदा माणसाच्या कृत्यावरून नव्हे, तर त्याच्या रूपावरून, गरिबीवरून किंवा जमातीवरून घेतला जातो. डॉइलच्याच 'स्पेकल्ड बँड' या कथेत इस्टेटीवर तळ देऊन राहिलेले भटके जिप्सी वाचकाच्या संशयाला आयतेच सापडतात. खुद्द होम्सही प्रथम त्यांच्यामुळे चुकीच्या वाटेला लागतो, आणि अपुऱ्या माहितीवर तर्क बांधण्यातला धोका शेवटी मोकळेपणाने मान्य करतो. आपल्या देशात हा धोका कथेपुरता राहिला नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली केलेल्या आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानभर लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मलेल्या बालकालाही जमातीवरून संशयित ठरवले. सोलापूरसारख्या शहरात अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली आणि त्यांना हजेरी लावणे सक्तीचे झाले. हा कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. म्हणून मूल 'हाच चोर, तो दिसतोच तसा' असे म्हणाले तर त्या वाक्यावर हसून पुढे जाऊ नये. 'हे डाव्या पानावर कोठे आहे?' असे विचारावे. रहस्यकथेच्या वाचनातून मला जर काही एकच गोष्ट मुलांच्या पदरी पडायला हवी असेल, तर ती हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय होय.

पुस्तकांची उणीव आहे असे नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच 'फास्टर फेणे', हा अधिक करून साहसाचा नायक आहे. त्याच्या मागे धावताना श्वास लागतो, थांबून तर्क करण्याची उसंत थोडी मिळते. त्याच्यापासून आरंभ करून मग सत्यजित राय यांच्या फेलूदाकडे वळावे. १९६५ साली 'संदेश' या बंगाली बालमासिकात अवतरलेल्या या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. लहानशा वेळात भागणारा नमुना हवा असेल तर अमेरिकेतील डोनाल्ड सोबॉल यांच्या १९६३ पासूनच्या बालकथांचा आहे: चारपाच पानांची हकिकत, शेवटी प्रश्न, आणि उत्तर पुस्तकाच्या अखेरीस. एका कथेत अमेरिकी यादवी युद्धातली म्हणून एक तलवार पुढे केली जाते. तिच्यावर १८६१ सालचा लेख, आणि त्यात बुल रनच्या 'पहिल्या' लढाईचा उल्लेख. दुसरी लढाई १८६२ साली झाली. ती होण्यापूर्वी पहिलीला पहिली कोण म्हणेल?

असे प्रसंग घरीही रचता येतात. पणजोबांनी १९५५ साली पुण्याहून धाडलेले म्हणून एक पत्र तयार करावे, त्यात 'महाराष्ट्र राज्य' लिहावे, तिकिटाला पंधरा नये पैसे पडल्याचे सांगावे आणि पत्त्याखाली सहा आकडी पिनकोड घालावा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे, नये पैसे १ एप्रिल १९५७ चे, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ चा. बनावट दस्तऐवज तीन ठिकाणी पकडला जातो, आणि तो पकडण्यासाठी मूल आजोबांना विचारते, जुनी पाकिटे धुंडाळते, ग्रंथालयात जाते.

पालकांना आणि शिक्षकांना माझी शेवटची विनंती एवढीच की, मुलासाठी आणलेल्या रहस्यकथेचे अखेरचे प्रकरण आपण आधी वाचून ठेवू नये. उत्तर ठाऊक असलेला मोठा माणूस नकळत परीक्षक होतो. ठाऊक नसलेला मुलाच्या शेजारी बसून तपास करू शकतो. या सुट्टीत एक पुस्तक असे आणा, जे घरात कोणीच वाचलेले नाही.