बिननाली घोड्याचे खूर : तेल देण्यापूर्वी

अश्वचिकित्सेची आपली परंपरा शालिहोत्रांपासून सांगितली जाते. तरीही घोडेवाला खुरासाठी तेल मागतो, तेव्हा आपण खूर न पाहताच बाटली पुढे करतो. हे आम्हांस उचित वाटत नाही.

खूर वरच्या केसाळ कडेपासून खाली वाढतो. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. पुढचा भाग पूर्ण नवा होण्यास ९ ते १२ महिने लागतात. कडेखाली कानशीने बारीक खूण करून दरमहा अंतर मोजावे. झिजेपेक्षा वाढ अधिक असल्यास ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. झीज अधिक असल्यास खडकाळ वाटेवरचे काम थांबवावे.

खुरावरील आडव्या वळ्या म्हणजे गेल्या काही महिन्यांचा लेखाजोखा. टाचेकडे त्यांतील अंतर वाढत गेले असेल, तर खुराच्या आत दाह होऊन गेल्याची शंका घ्यावी. धान्याचा अतिरेक हे त्याचे एक प्रमुख कारण. खूर तापलेला असून घोडा पाय टेकण्यास कचरत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकास बोलवावे.

तेलाने खूर वाढत नाही. तो आहाराने व चालीने घडतो. वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी आधी खूर पाहावा, मग बाटलीचा विचार करावा.