शुभ्र की पांडुर? देवघराच्या भिंतीचा विचार

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी रंगकामाची चर्चा सुरू होते. देवघरापुरता प्रश्न बहुधा दोन छटांपाशी अडतो : निळीचा हात दिलेला शुभ्र चुना, की चिमूटभर पिवडी मिसळलेला मोतिया? कीर्तन आटोपल्यावर माताभगिनी आम्हांस विचारतात, "बुवा, यांतला शुभ कोणता?" या शंकेपायी घरात रुसवेफुगवे होतात, ऐपतीबाहेर खर्चही होतो, म्हणून हे चार शब्द.

आपल्या पूर्वजांची दृष्टी या बाबतीत फार सूक्ष्म होती. अमरकोशात पांढऱ्या रंगाला शुक्ल, शुभ्र, श्वेत, धवल अशी तेरा नावे आहेत. पिवळसर झाक असलेला पांढरा मात्र पांडु, पांडुर म्हणून वेगळा काढला आहे. चुन्याला संस्कृतात सुधा म्हणतात, आणि सुधा म्हणजे अमृतही! चुन्याने धवळलेले ते सौध. आमच्या वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडले. त्या काळ्या पाषाणावर एके काळी पांढरा गिलावा होता. त्याचे अवशेष आजही दिसतात. जवळच असलेले घृष्णेश्वराचे मंदिर मात्र तांबड्या पाषाणाचे. दोन्हीकडे शिवच नांदतो. तेव्हा शुभाशुभाचा भार रंगाच्या छटेवर टाकू नये.

निवड करावी ती उजेड पाहून. अंधाऱ्या माजघरात निळसर शुभ्र रंग राखाडी भासतो. समईच्या पिवळ्या प्रकाशात मोतिया उजळतो. भरपूर ऊन येणाऱ्या खोलीत शुभ्र प्रसन्न दिसतो. पांढऱ्या नळदिव्याखाली मोतिया कधी मळकट वाटतो. यास्तव कोनाड्याशेजारी दोन्ही रंगांचे वीतभर पट्टे ओढावेत. चुना ओला असता फिका दिसतो, वाळल्यावरच पांढरा होतो. म्हणून एक दिवस थांबावे. मग सकाळी आणि दिवेलागणीला, दोन्ही वेळा पाहावे. जुन्या दगडमातीच्या भिंतींना चुनाच हितकर, कारण तो आतली ओल कोंडत नाही. तैलरंगावर मात्र चुना धरत नाही, हे ध्यानी असावे.

एवढे करूनही मतभेद उरलाच, तर त्या भिंतीपाशी बसून नित्य पोथी वाचणाऱ्या आजींना विचारावे. त्यांच्या डोळ्यांना जो रंग सुखावेल, तोच त्या घरी द्यावा. दीपावली आपणां सर्वांस मंगलमय होवो.