बाजाराच्या वारापासून सुरुवात
लेखमाला : शाळेच्या उंबरठ्यावर (भाग ९)

मागच्या भागात आपण सकाळ, दुपार आणि संध्याकाळ मुलांना कशी उमगते ते पाहिलं. आज वारांकडे वळू.

अंगणवाडीत जे सगळ्यांत लवकर पाठ होतं, त्यात वारांचा नंबर वरचा. चार वर्षांचं पोर सोमवार ते रविवार एका दमात म्हणून दाखवतं आणि घरचे खूश होतात. पण त्यालाच विचारा, ‘बुधवारनंतर कोणता वार?’ ते बोटं मोजत पुन्हा सोमवारपासून सुरू करतं, बुधवारपाशी येतं आणि न थांबता थेट रविवार गाठतं. ‘गुरुवारच्या आधी कोणता?’ म्हटलं की गप्पच बसतं. यात पोराची चूक काही नाही. विल्यम फ्रीडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मुलांच्या काळाच्या समजेवर अनेक वर्षं काम केलं. मुलं वार आणि महिने आधी नुसती नावांची यादी म्हणून शिकतात. त्या यादीत मागच्या दिशेनं हिंडता यायला बरीच वर्षं जावी लागतात, असं त्यांच्या अभ्यासातून दिसलं. काल आणि उद्याचंही तसंच आहे. एक झालेलं आणि एक व्हायचं, एवढं चौथ्या-पाचव्या वर्षी कळतं, पण नेमका एकच दिवस मागे किंवा पुढे, हे पक्कं व्हायला सातवं वर्ष उजाडतं.

वार अवघड का जातात? दिवस सूर्यावरून दिसतो, महिना चंद्रावरून दिसतो. आठवडा मात्र आभाळात कुठंच दिसत नाही. तो माणसांनी ठरवलेला आहे. आपल्याकडे वाराची नोंद असलेला फार जुना पुरावा म्हणजे मध्य प्रदेशातला एरणचा शिलालेख. तो इ.स. 484 चा, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला आहे आणि त्यात गुरुवार नोंदलेला आहे. पण आभाळात खूण नसल्यानं वार कळायचा तो माणसं त्या दिवशी काय करतात यावरूनच.

आता हे उमापुरात, गेवराई तालुक्यात आणून पाहू. इथं वारांना खुणा भरपूर. शनिवार म्हटलं की गोदाकाठचं राक्षसभुवन, शनिमहाराजांच्या दर्शनाला निघालेली माणसं, आणि सकाळची शाळा. मंगळवार-शुक्रवार देवीचे, तलवाड्याच्या त्वरितादेवीचं नाव तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. सोमवारी आजीचा उपवास, म्हणजे घरात साबुदाणा. आणि सगळ्यांत ठळक खूण आठवडी बाजाराची. आपल्या नाहीतर शेजारच्या गावचा बाजार ज्या वारी भरतो, तो वार पोराला शिकवावा लागत नाही. पिशवीतून भेळीचा पुडा निघतो, तेवढं पुरतं.

म्हणून माझं सांगणं असं, की सातही वार एकदम शिकवू नयेत. बाजाराचा वार आणि सुट्टीचा वार, हे दोन आधी घट्ट करावेत. मग बाजाराच्या आदल्या दिवशीचा, मग दुसऱ्या दिवशीचा. अशानं मधले वार आपोआप जागेवर बसतात. वारांची पट्टी सरळ न लावता गोल लावावी, म्हणजे रविवारनंतर पुन्हा सोमवार येतो हे डोळ्यांना दिसतं. रोज एका पोरानं कपड्याचा चिमटा पुढच्या घरात सरकवावा. ‘आज कोणता वार?’ हा प्रश्न सगळ्या वर्गाला एकदम विचारला की दोघं-तिघं सांगतात आणि बाकीचे सूर धरतात. त्यापेक्षा एकेकाला विचारावं, ‘काल काय केलं? मग चिमटा काल कुठं होता?’ ‘परवा’ हा शब्द सध्या बाजूला ठेवावा. तो मागेही जातो आणि पुढेही, लहान पोरं त्यात हमखास गोंधळतात.

घरून आलेली नावं पुसायची घाई करू नये. एखादं पोर आजीच्या तोंडचा ‘आयतवार’ किंवा ‘बेस्तरवार’ घेऊन येतं, एखादं ‘जुम्मा’ म्हणतं. पट्टीवर पुस्तकी नावाखाली तेही लिहावं. त्या शब्दाला घरचा अनुभव चिकटलेला असतो, आणि आपल्याला हवाय तो तोच.

सगळ्यांत जास्त काळजी घ्यायची ती ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या लेकरांची. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. फडावर रविवार नसतो. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की तोड रोजची, आणि एक दिवस बसलं तर खाडा पडतो, त्याचे पैसे उचलीत चढतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघतात, पोरं कोपीपाशी धाकट्याला सांभाळत बसतात. कालचा दिवस आजच्यासारखा आणि उद्याचाही तसाच. हे लेकरू गावी परतून वर्गात बसलं आणि वार चुकलं, तर त्याला ‘ढ’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे. त्याच्या चार-पाच महिन्यांत वारांची एकही खूण नव्हती.

रविवारची सुट्टीसुद्धा आपसूक मिळालेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली, वर्षानुवर्षं लावून धरली, आणि 10 जून 1890 रोजी ती मिळाली. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्या जिल्ह्यातले तोडणी मजूर त्या सुट्टीबाहेर आहेत, ही गोष्ट मला फार टोचते.

अशा मुलांना घरी नसलेली लय वर्गानं द्यायला हवी. सोमवारी माती, मंगळवारी गोष्ट, बुधवारी गावात फेरी, असं काहीतरी ठरवावं आणि ते मोडू नये. गोष्टीचा वार चुकला की पोरंच आठवण करून देऊ लागतात, आणि तीच खरी परीक्षा, वेगळी घ्यायची गरज नाही. हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांसाठी आणखी एक करा. आईबापांचा फोन येण्याचा एक वार ठरवून घ्या आणि तो पट्टीवर रंगवा. परतीची तारीख पोराला कळत नाही, पण ‘फोनच्या वाराला अजून दोन दिवस’ हे कळतं.

पुढच्या भागात महिने आणि सण. तोवर आपल्या अंगणवाडीत गोल पट्टी लावून पाहा, आणि पहिला चिमटा बाजाराच्या वारी लावा.