घरची चोपडी

दिवाळीत व्यापारी मंडळी चोपडीपूजन करतात. आमच्या सात पिढ्यांत कोणी तागडी धरली नाही, त्यामुळे घरात चोपडी नव्हती. यंदा ती आली, आणि आली ती सहाशे गिगाबाइटांहून जाड!

मराठीच्या मास्तराचा आणि बिटकॉइनचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आमच्या अण्णांच्या पासबुकाचा आहे. निवृत्तीची रक्कम त्यांनी एका पतपेढीत ठेवली होती. एके सकाळी पेढी उघडलीच नाही. पासबुकातली बेरीज अगदी बरोबर होती. पेढीच्या वहीत काय होते, ते मात्र कोणालाच पाहायला मिळाले नाही. ज्याची त्याला तपासता येईल अशी वही जगात असेल का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात होता.

"आहे की!" चिरंजीव म्हणाले. या वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ चे. पानाला तिकडे 'ब्लॉक' म्हणतात. सुमारे दर दहा मिनिटांनी एक पान वाढते. प्रत्येकाच्या माथ्यावर मागल्या पानाची गणिती खूण असते. मधले एक अक्षर बदलले की पुढच्या साऱ्या खुणा चुकतात. वहीची मूळ प्रत अशी कोणाच्या तिजोरीत नाही. जो संगणक सगळी वही उतरवून घेतो आणि पहिल्या पानापासून स्वतः तपासतो, तो 'फुल नोड'.

"यात मिळतं किती?" सौभाग्यवतींनी मुद्द्याला हात घातला.

"एक पैसाही नाही. नवी नाणी मिळतात ती पाने जोडणाऱ्यांना. आपण नुसतं तपासायचं."

"म्हणजे पेपर तपासण्यासारखंच. मानधन तेवढं नाही!"

माळ्यावरचा जुना संगणक उतरवला. त्यावर उबंटू लिनक्स चढवले. एक टेराबाइटची एसएसडी मात्र नवी घ्यावी लागली. प्रत्येक व्यवहारात 'हे नाणे आधी खर्च झालेले नाही ना?' हे पाहायला संगणकाला साठ्यात सारखी शोधाशोध करावी लागते. जुन्या फिरत्या तबकडीची त्यात दमछाक होते. मग 'बिटकॉइन कोअर' हा प्रोग्रॅम उतरवला. तो तरी खरा कशावरून? म्हणून आधी त्याची गणिती खूण आणि कर्त्यांच्या सह्या पडताळल्या.

जागा कमी असेल तर तपासलेली जुनी पाने टाकून देण्याची सोय आहे. ५५० मेगाबाइटांपुरतीच ठेवता येतात. पोथ्या जपणाऱ्याला ते कसे रुचावे? दुसरी सोय मात्र मला बोचली. एका ठरावीक पानापर्यंतच्या सह्या खऱ्या आहेत असे धरून प्रोग्रॅम पुढे जातो. बाकीचा हिशेब तेवढा तपासतो. त्या 'अझ्यूमव्हॅलिड'पुढे मी शून्य मांडले.

"बाबा, फार वेळ लागेल."

"लागू दे. धरून चालण्यानेच अण्णांचे पैसे गेले."

चौथ्या रात्री वीज गेली. सकाळी पाहतो तो संगणक म्हणतो, अनुक्रमणिका बिघडली आहे, पुन्हा बांधा. उतरवलेली पाने शाबूत होती. वाचन तेवढे पुन्हा पहिल्या पानापासून! सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी इन्व्हर्टरवाल्याचा माणूस दारात उभा होता.

दुसऱ्या वाचनात एका क्रमांकापाशी मी मुद्दाम थांबलो : ७४६३८. १५ ऑगस्ट २०१० रोजी त्या क्रमांकाच्या पानात कोणी तरी प्रोग्रॅममधल्या चुकीचा फायदा घेऊन १८४ अब्जांहून अधिक नाणी निर्माण केली होती. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जायची नाहीत, हा तर वहीचा कायदा! काही तासांत दुरुस्त प्रोग्रॅम निघाला, लोकांनी तो घेतला, त्यांच्या संगणकांनी ते पान नाकारले आणि त्याच्या मागल्या पानापासून वही पुढे लिहिली गेली. आज त्या क्रमांकावर दुसरेच पान आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर प्रक्षिप्त ओवी गाळली गेली. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती एका अधिकारी पुरुषाने. इथे आमच्यासारखे हजारो कारकून ते काम करतात.

तरी भुलू नये. वही हिशेब तपासते, माणूस नव्हे. चुकून भलत्याला नाणे पाठवले तर ते परत मागायला खिडकी नाही. आणि नाण्याच्या भावाचे नाव काढू नका. आम्ही एकही नाणे घेतलेले नाही.

नवव्या दिवशी वाचन चालू पानापर्यंत पोचले. अण्णा खुर्ची ओढून बसले.

"खातेदाराचं नाव कुठे आहे?"

"नावं नसतात, अण्णा. आकड्या-अक्षरांचे पत्ते असतात."

"मॅनेजर?"

"तोही नाही."

"आणि माझे पैसे?"

"ते यात नाहीत."

अण्णा गप्प झाले. पडद्यावर एक नवे पान आले, तपासले गेले, वहीत बसले. त्यांनी चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"पुढचं येईपर्यंत बसतो," ते म्हणाले.